टर्बोच्या कॉम्प्रेसर हाउसिंगचे सीलिंग : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

दुरुस्त झालेला टर्बो, म्हणजे इंजिनला दाबलेली हवा पुरवणारा भाग, ताब्यात घेताना ॲल्युमिनियमच्या हाउसिंगच्या सांध्यावर सिलिकॉनचा थर दिसला नाही, की काम अर्धवट राहिले असे अनेक ग्राहकांना वाटते. बहुतेक टर्बोंवर हा थर आम्ही मुद्दामच लावत नाही. त्यामागची कारणे येथे दिली आहेत.

टर्बोच्या मधल्या भागात, म्हणजे ज्याला आपण कोअर म्हणतो त्यात, शाफ्ट आणि बेअरिंग असतात. कोअरच्या एका तोंडाला बॅकप्लेट असते आणि तिच्यावर गोगलगायीच्या शंखासारखे कॉम्प्रेसर हाउसिंग बसते. बॅकप्लेट आणि हाउसिंग यांच्यामधला हा सांधा हवा अडवण्यासाठी असतो, तेल अडवण्यासाठी नव्हे. हाउसिंगच्या आत शाफ्टवर फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाने, म्हणजे व्हीलने, दाबलेली हवा येथून निसटली, तर शिट्टीसारखा आवाज येतो, चढावर पिकअप कमी होतो, डिझेल गाडी काळा धूर सोडते आणि कमी पडलेला दाब भरून काढण्यासाठी टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरू लागतो.

या सांध्यात मूळ उत्पादकाने बहुधा ओ-रिंग दिलेली असते. ती कोणत्या रबराची आहे, याला आम्ही फार महत्त्व देतो. हवा दाबली की तापते. बाहेरची हवा 40 अंश सेल्सिअस, दाबाचे गुणोत्तर 2.5 आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर हाउसिंगमधून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सुमारे 170 अंशांपर्यंत जाते; सोलापूर किंवा चंद्रपूरच्या उन्हाळ्यात भरलेल्या ट्रकसाठी हा हिशेब मुळीच अतिशयोक्तीचा नाही. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारी नायट्राइल रबराची रिंग सतत 100 ते 120 अंशांच्या पुढे टिकत नाही. ती कडक होते, एका बाजूने चपटी पडते आणि काही महिन्यांत सांधा पुन्हा हवा सोडू लागतो. म्हणून आम्ही सुमारे 200 अंश सहन करणारी फ्लुरोकार्बन रबराची, म्हणजे बाजारात व्हायटॉन या नावाने ओळखली जाणारी, रिंग वापरतो. जुनी रिंग वरून कितीही चांगली दिसली तरी ती परत बसवली जात नाही.

रिंग बसवण्याआधी तिची खाच साफ करणे हे या कामातले सर्वांत वेळखाऊ काम आहे. कोकणपट्टीतून येणाऱ्या गाड्यांच्या हाउसिंगमध्ये ॲल्युमिनियमचा पांढरा गंज खाचेत घट्ट बसलेला असतो. तो प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी टोकाने काढावा लागतो, कारण स्क्रू ड्रायव्हरने पडलेला एक ओरखडासुद्धा हवेला वाट करून देतो. त्यानंतर रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा हात लावून, पीळ न पडू देता ती बसवली जाते आणि हाउसिंग सरळ रेषेत, हाताने दाबत उतरवले जाते. हाउसिंग तिरके गेले तर रिंग कापली जाते आणि सांध्याच्या कडेला रबराची दोऱ्याएवढी साल बाहेर येते. अशी साल दिसली, तर आम्ही हाउसिंग पुन्हा उतरवून नवी रिंग घालतो. बाहेरून सिलिकॉन फासून ती झाकत नाही.

सिलिकॉनचा एक तोटा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. व्हीलची पाती आणि हाउसिंगचा आतला वक्र यांच्यात मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच फट असते. सांध्याच्या दोन सपाट तोंडांमध्ये जाड थर आला, की हाउसिंग तेवढे पुढे सरकते, ही फट वाढते आणि नवे व्हील घालूनही दाब पुरेसा बनत नाही. शिवाय आत दबलेला जादा थर सुकून सुटतो आणि हवेबरोबर इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जातो. ज्या टर्बोमध्ये उत्पादकाने रिंगऐवजी सीलंटच सांगितले आहे, तेथे आम्ही ते पातळ आणि फक्त ठरलेल्या जागी लावतो आणि सुकण्यासाठी लागणारा पूर्ण वेळ देतो. अशा टर्बोची डिलिव्हरी घाईने मागू नये, ही विनंती.

उघडण्यापूर्वी हाउसिंग आणि कोअर यांवर मारलेली खूण जुळवूनच बोल्ट, क्लॅम्प किंवा सर्क्लिप बसवली जाते, नाहीतर गाडीवर होज आणि तेलाचे पाइप जुळत नाहीत. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचने आवळले जातात. मग व्हील हाताने फिरवून ते कोठे घासत नाही ना, हे पाहतो. शेवटी हाउसिंगची दोन्ही तोंडे बंद करून, गाडीवरच्या दाबापेक्षा जास्त होणार नाही अशा बेताने हवा भरून, सांध्यावर साबणाचे पाणी सोडले जाते. या वेळी तेलाच्या परतीच्या तोंडातून थोडी हवा येते. तो दोष नाही. शाफ्टवरची धातूची सील रिंग पूर्णपणे हवाबंद नसतेच.

याच कारणाने, हाउसिंगमध्ये किंवा इंटरकूलरच्या होजमध्ये तेल आले, तर त्यावर या सांध्याचे सीलिंग हा इलाज नव्हे. ते तेल शाफ्टच्या बाजूने येते आणि त्याचे मूळ अनेकदा टर्बोच्या बाहेर असते: परतीचा पाइप चोंदलेला किंवा वाकलेला असणे, इंजिनचा ब्रीदर (आतल्या वाफा बाहेर सोडणारी वाट) बंद असणे, किंवा एअर फिल्टर इतका भरलेला असणे की व्हीलच्या मागे ओढ तयार होऊन तेल खेचले जाते. टर्बो बसवण्यापूर्वी आपल्या फिटरकडून या तिन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात. त्या तशाच राहिल्या तर नव्या टर्बोतूनही तेल येईल.

तेल येण्याच्या आणि जाण्याच्या फ्लँजला, म्हणजे पाइप जोडण्याच्या सपाट तोंडाला, मात्र सिलिकॉन कोणत्याही परिस्थितीत लावू नये, तेथे आम्ही दिलेले गॅस्केटच वापरावे. येण्याच्या तोंडाशी सुटलेला सिलिकॉनचा एक कण तेलाचे बारीक छिद्र बंद करण्यास पुरेसा असतो आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या शाफ्टचे बेअरिंग तेलाविना काही क्षणांतच जळते. अशा बिघाडावर वॉरंटी लागू होत नाही. उघडल्यावर छिद्रातला सिलिकॉन आम्ही ग्राहकाला समक्ष दाखवतो.