रोज किती एकर?

ऑक्टोबर लागला होता. सोयाबीन वाळून उभं होतं आणि आभाळ भरून येत होतं. काढणीचं गुत्तं कुणाला द्यायचं याचा घोळ चालला होता. एक टोळी सहा दिवसांत रान मोकळं करतो म्हणत होती. दुसरी लहान, तिला बारा दिवस लागणार होते. माझ्या मोठ्या भावाने लातूरच्या अभ्यासिकेतून सुट्टीला आलेल्या भाच्याला विचारलं, "दोन्ही लावल्या तर किती दिस?" तलाठी भरतीची तयारी करणारा पोरगा चटकन म्हणाला, "नऊ, मामा."

"आरं, पहिली टोळी एकटीच सहा दिवसांत उरकतीय. माणसं वाढल्यावर काम लांबतंय व्हय?"

काळ-काम-वेगाच्या गणितात हमखास होणारी चूक ती हीच. प्रश्नात आकडे दिवसांचे असतात, म्हणून हात आपोआप दिवसांच्या सरासरीकडे जातो. पण दिवसांची बेरीज इथे उपयोगाची नाही. बेरीज होते ती एका दिवसात होणाऱ्या कामाची. आमचं रान बारा एकर. पहिली टोळी रोज २ एकर काढते, दुसरी १ एकर, मिळून ३. बारा एकराला चार दिवस.

परीक्षेत रान किती एकर हे सांगितलेलं नसतं. मग ते आपणच ठरवायचं: ६ आणि १२ यांचा लसावि १२, म्हणून बारा एकर. चोवीस धरले तर रोजचं कामही दुप्पट होतं, उत्तर चारच राहतं. हेच अपूर्णांकात लिहिलं की १/६ + १/१२ = १/४. लसाविचं एवढंच काम, अपूर्णांक टाळून तोंडी हिशेब करू देणं. पहिली टोळी दोन दिवसांनी निघून गेली, असा फाटा प्रश्नाला फुटला तरी घाबरायचं नाही. दोन दिवसांत ६ एकर झाले, उरलेल्या ६ एकरांना दुसरीला आणखी ६ दिवस. एकूण ८. 'आणखी किती' विचारलंय की 'एकूण किती', ते मात्र दोनदा वाचावं.

ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त चार झरे एक विहीर भरतात: पहिला एका दिवसात, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश आणि चौथा एक षष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर? दिवसभरात ते अनुक्रमे १, २, ३ आणि ६ विहिरी भरतील, म्हणजे १२. एक विहीर १/१२ दिवसात. दिवसाच्या ६० घटका धरल्या तर ५ घटका, आपले दोन तास. इतकं देखणं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

वेळच माहीत नसेल तर लसावि कशाचा काढणार? तिथे बीजगणित लागतं. शेततळ्यावर दोन मोटारी आहेत. लहान मोटार मोठीपेक्षा ५ तास जास्त घेते. दोन्ही मिळून तळं ६ तासांत भरतात. मोठीचा वेळ क्ष तास मानू.

१/क्ष + १/(क्ष + ५) = १/६

सोडवलं की क्ष² − ७क्ष − ३० = ०, म्हणजे (क्ष − १०)(क्ष + ३) = ०. वेळ उणे नसते, म्हणून क्ष = १०. मोठी मोटार १० तास, लहान १५.

आता लहान मोटार काढा आणि तळ्याची पन्नी फाटली आहे असं समजा. गळतीने भरलेलं तळं १५ तासांत रिकामं होतं. तळं ३० भागांचं धरलं तर मोटार तासाला ३ भाग भरते, गळती २ भाग नेते. तासाला १ भाग वाढतो, ३० तासांत तळं भरतं. आकडे तेच १० आणि १५. अधिकने ६ तास, वजाने ३०.

पुस्तकातलं उत्तर इथे संपतं, पण आमच्याकडे मोटारीला चोवीस तास थ्री फेज वीज नसते. आठ तास धरू. आठ तासांत ८ भाग पाणी साठेल. वीज गेली की गळती थांबत नाही. ते ८ भाग चार तासांत जातील आणि उरलेले बारा तास तळं कोरडं पडेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून. ३० तासांत काय, हे तळं कधीच भरणार नाही. शिवाय गळती कायम सारखी नसते. भोक तळाशी असेल तर पाणी जितकं उंच, तितकं ते जोराने बाहेर पडतं. उंची चौथाईवर आली की तो वेग निम्मा होतो. हे टॉरिचेल्ली या इटलीच्या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात दाखवलं. परीक्षेतलं भोक मात्र एकाच वेगाने गळत असतं.

भाच्याने हे सगळं वहीच्या मागच्या पानावर मांडून मामाला दाखवलं. भावाने आठ तासांनंतरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे दुसरी मोटार घेण्याआधी पन्नीच सांधायची ना?"