दारू सुटते ती वेगळी, पावडर सुटते ती वेगळी

आमच्या अण्णांची दारू सुटली तेव्हा घरात आठ दिवस कुणाला झोप नव्हती. धाकट्या भावाची पावडर, म्हणजे एमडीची नशा, सुटली तेव्हा तोच तीन दिवस झोपून राहिला आणि आम्ही निवांत झालो. आमची चूक तिथंच झाली. आता पेठेतली एखादी आई ‘पोरगं नुसतं झोपतंय, म्हणजे सुटली ना अक्का?’ असं विचारते, तेव्हा मी तिला ही दोन्ही दुखणी सांगत बसते.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर होते. वीस वर्षं रोज पिणारा माणूस एके दिवशी सिद्धरामेश्वराची शपथ घेऊन एकदम थांबला. दुसऱ्या सकाळी त्यांना चहाचा कप हातात धरवेना. घाम, उलट्या, छातीत धडधड सुरू झाली. रात्री आकडी आली. तिसऱ्या रात्री ते उठून बसले आणि हवेत बोटं फिरवायला लागले. आईनं विचारलं तर म्हणाले, ‘धागा तुटलाय, सांधू दे, नायतर माग बंद ठेवावा लागंल.’ आपण घरात आहोत हे त्यांना कळत नव्हतं. वार कुठला, समोर कोण, काहीच नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. दारू मेंदूला शांत करते. रोज दारू मिळाली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो. दारू अचानक काढली तरी तो जोर तसाच राहतो, म्हणून थरथर, आकडी आणि भ्रम. आकडीचा धोका बहुतेक पहिल्या दोन दिवसांत असतो, भ्रमाचा साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. यात माणूस दगावू शकतो. त्यामुळे रोज भरपूर पिणाऱ्यानं घरात, शपथेच्या बळावर एकदम थांबू नये. दवाखान्यात त्यावर खात्रीची औषधं आहेत. हळूहळू कमी करत नेल्या जाणाऱ्या गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्व यांनी अण्णा आठवड्यात भाकरी मोडायला लागले.

आम्ही शिकलो ते एवढंच, की नशा सुटताना आरडाओरडा होतो, तो संपला की जिंकलो.

भाऊ घेत होता ती एमडी, म्हणजे मेफेड्रोन. भारतात ती २०१५ साली अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आली. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी आपल्याच चिंचोळी एमआयडीसीतला मेफेड्रोनचा कारखाना पकडला, तेव्हा आमच्या घरात हे नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. तोवर आम्ही त्याचं रात्र रात्र जागणं, न जेवणं आणि भरभर बोलणं हे कामाचं टेन्शन समजत होतो.

ही पावडर दारूच्या अगदी उलट चालते. मेंदूत आनंद आणि उमेद देणारी जी रसायनं आहेत, डोपामिन त्यातलंच एक, ती पावडर एकदम उधळून टाकते. कोकेन आणि मेथ (मेथॅम्फेटामिन) याच घराण्यातली. बंद केल्यावर मेंदू चवताळत नाही, रिकामा पडतो. भाऊ दिवाळीनंतर थांबला. झोपला, उठून आठ भाकऱ्या खाल्ल्या, परत झोपला. हात थरथरले नाहीत, आकडी आली नाही. आठव्या दिवशी तो आंघोळ करून बाहेर आला तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली.

खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. पहिली उतरण काही दिवसांची असते. तिच्यामागून येतं ते आठवडे, कधी महिने टिकतं. कशातच मन लागत नाही, चिडचिड होते, झोपेत भयंकर स्वप्नं पडतात आणि मधेच पावडरीची जबर ओढ उठते. जानेवारीत आम्ही त्याला गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर नेलं. लहानपणी पाळण्यातून उतरायला न मानणारा हा पोरगा. तासाभरानं म्हणाला, ‘अक्का, सगळे हसतायत ते मला दिसतंय, पण आत काहीच होत नाही. असंच राहणार असेल तर जगून काय करू?’

हे वाक्य कुणी बोललं तर ते नाटक समजू नका. आळशीपणा तर मुळीच समजू नका. दारू सुटताना जीव शरीराच्या बाजूनं जातो, पावडर सुटताना तो बहुधा निराशेच्या बाजूनं जातो. त्याच रात्री आम्ही टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावला आणि सकाळी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. एकटं सोडलं नाही. व्यसनासाठी वेगळा १४४४६ हा क्रमांकही आहे. आपल्या सिव्हिललाही मानसोपचार विभाग आहे. मरणाचे विचार बोलून दाखवले किंवा ते दिसत असले तर वाट न बघता त्याच दिवशी जा.

भासाच्या बाबतीतही घरचे गोंधळतात. दारूच्या भ्रमात माणसाला जागा-वेळ कळेनाशी होते, अण्णांसारखी. पावडरवाल्याला तारीख-वार नीट सांगता येतो, पण गल्लीतला प्रत्येक मोटारसायकलवाला आपल्यामागं लागलाय असं वाटत राहतं, कानात आवाज येतात. बहुतेक वेळा हे काही दिवसांत ओसरतं. ओसरलं नाही तर डॉक्टर, अंगारे-धुपारे नाही.

एक गोष्ट भावानं आमच्यापासून लपवली होती. पावडर उतरवायला तो झोपेच्या गोळ्या घ्यायचा. अशा गोळ्या रोज घेऊन अचानक तोडल्या तर दारूसारखीच आकडी येऊ शकते. म्हणजे एकाच पोरात दोन्ही दुखणी असू शकतात. डॉक्टरांना सगळं सांगा, गोळीचं पाकीट सोबत न्या. पोलिसांच्या भीतीनं थांबू नका. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ हे कलम अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकतं.

पावडरीची ओढ थांबवणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही. याचं आम्हाला फार वाईट वाटलं, कारण अण्णांच्या वेळी गोळी होती. निराशेवर आणि झोपेवर डॉक्टर औषधं देतात, बाकी काम समुपदेशनाचं. सगळ्यात जास्त पुरावा आहे तो एका साध्या पद्धतीला: लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच, त्याच दिवशी, छोटंसं बक्षीस. रिकाम्या मेंदूला लांबचं सुख दिसत नाही, हातातलं दिसतं. आम्ही घरीही तसंच केलं, आठवडा नीट गेला की त्याच्या आवडीचं काहीतरी. सिम बदललं. पगार आईकडं. पगाराच्या संध्याकाळी मी त्याला कारखान्याच्या फाटकावरून घेऊन यायची, कारण त्याची ओढ त्या वेळेला आणि त्या चौकाला चिकटलेली होती.

मधे एकदा घसरला. आम्ही आकांत केला, डॉक्टरांनी नाही. त्यांनी कुठं, कधी, कुणाबरोबर, एवढंच विचारलं आणि त्याला बजावलं की खंड पडल्यावर जुनाच डोस हृदयाला जड जातो.

मेथ सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत डोपामिनची यंत्रणा वर्ष ते सव्वा वर्षात बरीच सावरलेली दिसली आहे. मेफेड्रोन वेगळं आहे, महिने तेच असतील असं मी म्हणत नाही. पण मी आईला हा आकडा सांगितला, तेव्हापासून ती ‘अजून किती दिवस?’ विचारायची थांबली.

गुढीपाडव्याच्या दुपारी तो जेवायला बसला आणि शेंगाचटणी तोंडात घालून म्हणाला, ‘आई, लसूण कमी पडलाय गं.’ पाच महिन्यांत त्यानं चवीबद्दल पहिल्यांदा तक्रार केली होती. आई उठून परत चटणी कुटायला बसली.