ध्वनिसाक्ष (होलोकॉस्ट)

होलोकॉस्टमधून वाचलेल्यांनी स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलेली हकिकत. होलोकॉस्टमध्ये नाझी राजवटीने सुमारे 60 लाख ज्यूंचा संहार केला. वाचलेल्यांच्या अलीकडच्या बहुतेक मुलाखती चित्रित आहेत. सर्वांत जुन्या मात्र निव्वळ आवाजाच्या. आवाजाचे बळ संग्रहालयांनीही ओळखले आहे. 1993 मध्ये उघडलेल्या वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयात आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीच्या साक्षींसाठी काचेच्या भिंतींची वेगळी जागा आहे. तिथे बघायचे काही नाही. बसायचे आणि ऐकायचे.

शिकागोतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बोडर 1946 च्या उन्हाळ्यात वायर रेकॉर्डर आणि पोलादी तारेची 200 रिळे घेऊन युरोपात गेले. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनीत विस्थापितांना गाठून त्यांनी 9 भाषांत सुमारे 130 मुलाखती घेतल्या. आवाज उमटे तो केसासारख्या बारीक तारेवर. तार तुटली की टोके गाठ मारून जोडायची.

‘होलोकॉस्ट’ हा शब्द तेव्हा या अर्थाने रुळला नव्हता. सांगणाऱ्याजवळ घोटून तयार झालेली कथा नव्हती आणि विचारणाऱ्याला नाझी छावण्यांतली बोली ठाऊक नव्हती. बोडर मध्येच अडवतात, साध्या शब्दाचा अर्थ विचारतात. सांगणारा पुन्हा मागे जातो, यिडिश या युरोपीय ज्यूंच्या भाषेतून जर्मनमध्ये शिरतो. छापील उताऱ्यात हे प्रश्न नुसते खटकतात. ऐकताना उमगते, की समोर बसलेल्या शिकल्यासवरल्या माणसाला या गोष्टीची कल्पनाच करता येत नाहीये. पुढे भाषांतर करतानाही बोडर तार ऐकत आणि इंग्रजी मजकूर दुसऱ्या यंत्रात बोलून ठेवत. मूळ आवाज आता डिजिटल स्वरूपात, उताऱ्यांसह, ऐकता येतात.

ऐकायला आधी यंत्र लागते, ही यातली खरी मेख. पॅरिसजवळच्या एनोंव्हिल येथील निर्वासितांची गाणी असलेले बोडर यांचे रीळ अनेक वर्षे बेपत्ता मानले जात होते. अमेरिकेतील अ‍ॅक्रन विद्यापीठाच्या मानसशास्त्र-इतिहास केंद्रात ते एका डब्यात होते. डब्यावरचे गावाचे नाव चुकले होते. सापडले तरी वाजवायचे कशावर? जुना रेकॉर्डर खटपट करून चालता करावा लागला, तेव्हा 2017 मध्ये ते आवाज पुन्हा ऐकू आले. त्यांतले एक गाणे कैद्यांकडून वेठीच्या कामावर जाता-येता सक्तीने म्हणून घेतले जाई.