'तेल केल'चे 1971 मधले वळण : पार्श्वभूमी

फ्रेंच कादंबरीकार फिलिप सोलेर्स (1936–2023) यांची पहिली कादंबरी 1958 साली आली. एका कॅथलिक आणि एका कम्युनिस्ट, अशा दोन्ही ज्येष्ठ साहित्यिकांनी तिची वाखाणणी केली. त्यांचे 'तेल केल' हे साहित्यिक त्रैमासिक मार्च 1960 मध्ये निघाले. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांसारखे ते पदरमोड करून काढलेले नव्हते. पॅरिसमधली एक मोठी प्रकाशनसंस्था पहिल्यापासून पाठीशी होती. 1963 पासून त्याच नावाची ग्रंथमालाही सुरू झाली.

वाद आहे तो 1971 चा. मे 1968 च्या फ्रान्समधल्या विद्यार्थी-उठावात 'तेल केल'चे संपादक मंडळ विद्यार्थ्यांच्या नव्हे, फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाच्या बाजूने होते. तीन वर्षांनी त्याच मंडळाने पक्षाशी फारकत घेऊन माओवाद जाहीर केला. निमित्त ठरले चीनवरचे एका इटालियन लेखिकेचे पुस्तक. पक्षाच्या दैनिकाच्या वार्षिक मेळाव्यात त्याच्या विक्रीला मज्जाव झाला. 1972 मध्ये 48/49 हा जोडअंक आणि त्यानंतरचा 50 वा अंक चीनला वाहिलेले निघाले. 1974 च्या वसंतात मंडळी तीन आठवडे चीन पाहून आली. याला 'फॅशन' म्हणून मोडीत काढणारे एक गोष्ट विसरतात. सोलेर्स यांच्या 1968 च्या कादंबरीत चिनी अक्षरे छापलेली आहेत, आणि माओच्या दहा कवितांचा त्यांनी केलेला अनुवाद 40 व्या अंकात, म्हणजे फारकतीच्या आधीच, आला होता. ओढ आधी लिपीची होती, राजकारण मागून आले. तरीही सांस्कृतिक क्रांतीत भरडल्या गेलेल्यांबद्दल त्या अंकांनी बाळगलेल्या मौनाचे समर्थन होऊ शकत नाही.

त्या काळातले सोलेर्स यांचे गद्य मात्र आजही टिकून आहे. त्यांच्या 1973 च्या पुस्तकात विरामचिन्हे नाहीत, परिच्छेदही नाहीत. डोळ्यांनी वाचताना वाक्य कुठे तुटते ते कळत नाही. मोठ्याने वाचले की श्वासच ते दाखवतो.

1977 मध्ये अमेरिकेवर 71/73 हा जाडजूड अंक निघाला आणि माओवादाचे पर्व मागे पडले. असे जोडअंक असल्यामुळे क्रमांक 94 पर्यंत पोचले, तरी हाती येणारे अंक त्याहून कमी भरतात. जुना संच विकत घेताना 'अंक गहाळ आहेत' असा गैरसमज होतो तो इथेच.

1982 मध्ये सोलेर्स प्रकाशनसंस्थेतून बाहेर पडले, पण नियतकालिकाचे नाव तिच्याकडेच राहिले. म्हणून 1983 मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडे त्यांनी 'लँफिनी' हे नवे नाव घेतले आणि क्रमांक पुन्हा 1 पासून सुरू केले. 1987 मध्ये 'लँफिनी' गालिमार या प्रकाशनसंस्थेकडे गेले, तेव्हा मात्र नाव सोबत गेले.