हातात किती पडणार, हे विचारायला येण्याआधी

पगारदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक. यातले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६चे आणि नव्या करप्रणालीचे आहेत.

इन्क्रिमेंटची पत्रे निघाली की आमच्याकडे एकच प्रश्न येतो, "साहेब, नऊ लाखांचं पॅकेज आहे. हातात किती येतील?" विचारणाऱ्याने बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या मोबाइलवर नऊ लाखांना बाराने भागलेले असते आणि ७५,००० हे उत्तर मनात पक्के केलेले असते. काही जण तर त्या उत्तरावर गाडीचा हप्ताही ठरवून येतात. पहिला पगार जमा झाल्याचा मेसेज आला की तेच ग्राहक पुन्हा येतात आणि म्हणतात, "टॅक्सने खाल्ले."

टॅक्सने बहुतेक वेळा काहीच खाल्लेले नसते. नऊ लाखांचाच हिशेब पाहा.

सीटीसी (कंपनी तुमच्यावर करते तो एकूण खर्च, म्हणजेच पॅकेज) महिना ७५,०००. बेसिक ३७,५०० धरू. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ४,५००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे १,८०४. ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता ७५० धरा. व्हेरिएबल पे सीटीसीच्या १० टक्के, म्हणजे ७,५००. तो वर्षाअखेर कामगिरी पाहून मिळतो. हे सगळे वजा केल्यावर पे-स्लिपवरचा ग्रॉस येतो ६०,४४६. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात ५५,७४६ जमा होतात. या माणसाचा इन्कम टॅक्स शून्य आहे.

आता आमची अडचण. लोक ऑफर लेटरच्या पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि खाली लिहितात, "अंदाज सांगा." पहिल्या पानावर अभिनंदन असते, हिशेब नसतो. तो शेवटच्या पानावर, अ‍ॅनेक्शरमध्ये असतो, आणि नेमके तेच पान घरी राहिलेले असते. मग फोनाफोनी, दुसरी फेरी, तुमची अर्ध्या दिवसाची रजा.

अ‍ॅनेक्शरसाठी आम्ही एवढे का अडून बसतो? वरच्याच उदाहरणात पीएफची एक ओळ बदला. बऱ्याच कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ न कापता १५,००० रुपयांच्या मर्यादेवर कापतात. तसे असेल तर दोन्ही बाजूंचा पीएफ १,८००च होतो. कंपनीच्या वाट्यातले उरलेले २,७०० स्पेशल अलाउन्समध्ये येतात, तुमच्या वाट्यातले २,७०० कापायचे राहतात, आणि हातात ५५,७४६ऐवजी ६१,१४६ पडतात. पॅकेज तेच, फरक महिन्याला ५,४०० रुपयांचा. हे फोनवर अंदाजाने सांगायचे आणि पुढे शब्द फिरवायचा, ते आम्हाला जमत नाही. म्हणून कुणी रागावले तरी आम्ही कागदाशिवाय आकडा सांगत नाही. (जास्त पीएफ म्हणजे वाईट, असे मात्र समजू नका. ते पैसे तुमचेच आहेत, फक्त आज हातात नाहीत.)

नोव्हेंबर २०२५मध्ये कामगार संहिता लागू झाल्यापासून "बेसिक एकूण पगाराच्या निम्मं करणार, मग हातातला पगार घटणार का?" असे फोन येतात. ज्यांचा पीएफ १,८००वर बांधलेला आहे, त्यांच्या पीएफ कपातीत त्यामुळे फरक पडत नाही. पूर्ण बेसिकवर कापला जात असेल तर पडू शकतो. इथेही पुन्हा तेच पान लागते.

इन्कम टॅक्सचे थोडक्यात: पगारातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन वजा जाते आणि त्यानंतरचे उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे कर लागत नाही. म्हणजे पगाराशिवाय दुसरे उत्पन्न नसेल तर १२ लाख ७५ हजारांपर्यंत निश्चिंत राहा. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो. "बायकोचा कापत नाहीत, माझाच का?" असे विचारणाऱ्यांसाठी: महिलांना महिना २५,००० पगारापर्यंत तो माफ आहे.

विम्याच्या कपातीत दोन प्रकार येतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले आमचे बरेच ग्राहक ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत. ग्रॉस २१,०००पर्यंत असेल तर त्याच्या ०.७५ टक्के कापले जातात, २०,८००वर १५६ रुपये. मे महिन्यात पगार २२,५०० झाला तरी सप्टेंबरअखेरपर्यंत कपात चालूच राहते आणि ती नव्या पगारावर, म्हणजे १६९ रुपये होते. ही चूक नाही, त्या सहामाहीचा नियमच तसा आहे. एचआरशी भांडू नका.

दुसरा प्रकार, आईवडिलांना कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घेतल्यावर पगारातून जाणारा हप्ता. तो ऑफर लेटरमध्ये नसतो, कारण निवड तुम्ही नंतर करता. त्याची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत राहून एलआयसी आणि मेडिक्लेमच्या पावत्यांची फाइल घेऊन येणाऱ्यांना आम्ही चहा देतो, सवलत देऊ शकत नाही.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. एप्रिल ते सप्टेंबर जुन्या कंपनीत ६ लाख, ऑक्टोबर ते मार्च नव्या कंपनीत ८ लाख. दोघांनीही आपापल्यापुरते पाहिले, दोघांनाही कर दिसला नाही, दोघांनीही काही कापले नाही. रिटर्न भरताना एकूण १४ लाख होतात, ७५,००० वजा जाऊन १३ लाख २५ हजार, आणि सेससह कर निघतो ८१,९००. वर व्याज. त्या सहा महिन्यांत जे "जास्त" हातात पडत होते, ते हेच. नव्या कंपनीत रुजू होताच जुन्या पगाराचा तपशील फॉर्म १२बीमध्ये द्या. फॉर्म आमच्याकडे भरून मिळतो.

येताना अ‍ॅनेक्शर, शेवटच्या तीन पे-स्लिपा आणि नोकरी बदलली असेल तर जुन्या कंपनीची शेवटची पे-स्लिप आणा. जुनी आणि नवी करप्रणाली शेजारी शेजारी मांडून, महिन्याला हातात पडणारी रक्कम लिहिलेला एक कागद आम्ही देतो. त्याचे ३०० रुपये होतात. रिटर्न आमच्याकडेच भरलात तर ते त्यात वळते करून घेतो. दोन कंपन्यांच्या ऑफर हातात असतील तर दोन्हींची शेवटची पाने आणा, दुसरीचे वेगळे पैसे घेत नाही.