शांतिसेनेची पार्श्वभूमी: 'परावृत्त' आणि 'रक्षण' यांतले अंतर

सुरुवातीच्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचे काम साधे होते. दोन देशांनी मान्य केलेल्या शस्त्रसंधी रेषेवर उभे राहायचे, उल्लंघनाची नोंद ठेवायची. सुएझ कालव्याच्या पेचातून १९५६ मध्ये इजिप्त-इस्रायल सीमेवर पहिले सशस्त्र दल उभे राहिले. १९६७ च्या मे महिन्यात इजिप्तने संमती काढून घेतली, दल निघून गेले आणि जूनमध्ये युद्ध पेटले.

शांतिसेनेमुळे रक्तपात खरोखर कमी होतो का, हा वाद मात्र यादवी युद्धांनी तापवला, आणि त्याच्या मुळाशी एक क्रियापद आहे. १९९३ मध्ये बोस्नियातील सहा ठिकाणे 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर झाली. सुरक्षा परिषदेच्या जूनच्या ठरावाने तिथल्या शांतिदलाला या क्षेत्रांवरील हल्ले 'परावृत्त' करायला सांगितले. 'रक्षण' हा शब्द जाणीवपूर्वक टाळला. आत अडकलेल्या लोकांनी अर्थातच रक्षण असाच अर्थ घेतला. त्यांनी दुसरा कोणता घ्यायचा होता? या कामासाठी लष्करी अंदाज सुमारे ३४,००० जादा सैनिकांचा होता. मंजुरी मिळाली ती ७,६०० च्या 'हलक्या पर्यायाला'. जुलै १९९५ मध्ये या सहांपैकी स्रेब्रेनित्सा पडले तेव्हा तिथे हलक्या शस्त्रांचे काहीशे सैनिक होते. सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले. बोल लावला गेला तो मुख्यतः सैनिकांना. आकडा कापणारे त्या मानाने सहज सुटले. त्याआधी, एप्रिल १९९४ मध्ये रवांडात कत्तल सुरू असताना सुमारे अडीच हजारांचे दल २७० वर आणण्याचा ठराव झालाच होता.

१९९९ मध्ये सिएरा लिओनसाठी नागरिकांचे संरक्षण प्रथमच ठरावात स्पष्ट लिहिले गेले. पुढल्याच वर्षी बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले. पण या वेळी माघार न घेता मंजूर संख्या १७,५०० पर्यंत नेली. २००५ अखेर दल परतले. यादवी पुन्हा उसळली नाही.

शांतिसेना बहुधा चिघळलेल्या ठिकाणीच जाते, त्यामुळे नुसती यश-अपयशाची गोळाबेरीज तिच्यावर अन्याय करते. हा फरक जमेस धरणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत तोडगा झाल्यावर युद्ध परतण्याची शक्यता घटलेली दिसते. सैनिक जास्त तिथे नागरिकांचे बळीही कमी. पश्चिम आफ्रिकेतील मालीत मात्र टिकवायला शांतताच नव्हती. २०२३ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने संमती काढून घेतली आणि वर्षअखेर दहा वर्षांची मोहीम गुंडाळली गेली.