समुद्र चढतो की जमीन खचते?

किनाऱ्यावरच्या एखाद्या वस्तीत उधाणाच्या भरतीचे पाणी पूर्वीच्या खुणेच्या पुढे येऊ लागले की समुद्र वाढला असे म्हटले जाते. हे म्हणणे पुष्कळदा अर्धेच खरे असते. पाणी वर चढल्याने जे दिसते, अगदी तेच पायाखालची जमीन खाली गेल्यानेही दिसते आणि काठावर उभे राहून नुसत्या डोळ्यांनी या दोहोंतला फरक ओळखता येत नाही. दोन्हींवरचे उपाय मात्र एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

समुद्राची पातळी मुख्यतः दोन कारणांनी वाढते. पाणी तापले की प्रसरण पावते, आणि हिमनद्यांचा तसेच ग्रीनलंड व अंटार्क्टिकावरील जाड थरांचा बर्फ वितळून समुद्रात मिसळतो. (समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही, कारण त्याने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते.) १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे या वाढीचा वेग: विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत तो वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर होता, तर २००६ ते २०१८ या काळात ३.७ मिलिमीटरपर्यंत पोहोचला.

जमिनीचे खचणे ही बहुधा स्थानिक घटना असते आणि तिचा वेग याच्या कितीतरी पट असू शकतो. जकार्ताच्या उत्तर भागातील काही वस्त्यांत जमीन वर्षाला दहा सेंटीमीटरहून अधिक खचल्याची नोंद आहे. अशा खचण्यामागे बहुतेक वेळा भूजलाचा उपसा असतो. जमिनीखालच्या चिकणमातीच्या थरांत कणांमधल्या पोकळ्यांत साठलेले पाणी वरच्या भाराचा काही वाटा पेलत असते. ते उपसले गेले की सगळा भार कणांवर येतो, कण एकमेकांजवळ दाबले जातात आणि थराची जाडी कमी होते. पुढे पाणी परत मुरवले तरी हे दाबले गेलेले थर पूर्ववत फुगत नाहीत. नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांत मऊ गाळ आपल्याच वजनाने निसर्गतःच बसत जातो. पूर्वी दर पुराबरोबर येणारा नवा गाळ ही तूट भरून काढत असे. आता धरणे तो अडवतात आणि नदीकाठचे बांध तो पसरू देत नाहीत. भूकंपाने तर हेच काम काही मिनिटांत होते: २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाची, म्हणजे इंदिरा पॉइंटची, जमीन चार मीटरहून अधिक खाली गेली.

उलट उदाहरण स्टॉकहोमचे. हिमयुगातील बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली तिथली जमीन, ते ओझे सरून दहा हजार वर्षे होत आली तरी, अजून वर येत आहे. त्यामुळे १७७४ पासून चालत आलेल्या तिथल्या मोजणीत समुद्र ओसरताना दिसतो. समुद्र जगभर चढत असताना एका बंदरात तो उतरतो कसा, असा संशय काढणाऱ्यांना उत्तर इथेच मिळते. भरतीमापक ज्या धक्क्यावर बसवलेला असतो त्याच्याच संदर्भात पाणी मोजतो. धक्का खचला तर तो पाणी चढले असे सांगेल, आणि धक्का वर आला तर पाणी उतरले असे सांगेल. म्हणूनच १९९२ पासून उपग्रहांनी होणारी समुद्राच्या उंचीची मोजणी आणि किनाऱ्यावरची जीपीएस केंद्रे यांचे मोल मोठे आहे, कारण त्यांच्यामुळे पाण्याचा हिशेब आणि जमिनीचा हिशेब वेगवेगळा मांडता येतो.

खचण्याचा दोषही हवामानबदलाच्या माथी मारला जातो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण जो भाग शहराच्या हातात आहे तोच त्यामुळे नजरेआड होतो. खचत्या जमिनीवर बांधलेली तटबंदी जमिनीबरोबर खाली जाते, म्हणजे ती पुन्हा पुन्हा उंच करणे आले. टोकियोच्या पूर्वेकडील सखल भागांत जमीन काही ठिकाणी चार मीटरहून अधिक खचली होती. उपशावर कडक निर्बंध आले आणि काही वर्षांत हे खचणे बहुतांशी थांबले. गेलेली उंची मात्र परत आली नाही, आणि ते भाग आजही तटबंदीच्या आणि पंपांच्या भरवशावर आहेत.

समुद्राची वाढ असल्या स्थानिक निर्णयाने थांबत नाही. जगभरचे कर्बोत्सर्जन घटले तरी खोल समुद्रात शिरलेली उष्णता आणि वितळू लागलेले बर्फाचे थर यांमुळे पाणी शतकानुशतके चढत राहील. घटवण्याने किती वर आणि किती लवकर, एवढे ठरते, आणि ते थोडे नाही.

व्हेनिसमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर कारखान्यांसाठी झालेल्या भूजल उपशाने शहर झपाट्याने खचले. १९७० च्या सुमारास उपसा आवरला गेला आणि तो वेग ओसरला. समुद्र मात्र चढतच राहिला. ऑक्टोबर २०२० मध्ये शहराभोवतीच्या खाजणाच्या, म्हणजे समुद्राला जोडलेल्या उथळ जलाशयाच्या, तोंडांवरचे पोलादी दरवाजे मोठ्या भरतीपुढे प्रथमच उभे करण्यात आले आणि शहर कोरडे राहिले. पातळी जितकी वाढेल तितक्या अधिक वेळा ते उभे करावे लागतील, आणि तेवढा वेळ खाजणाचे समुद्राशी चालणारे पाण्याचे येणेजाणे बंद राहील.